आकार कुणी ठरवला?

स्क्रॅचबिल्ट, म्हणजे कोऱ्या मालातून स्वतः घडवलेली, म्हणून मांडलेल्या मॉडेल गाडीचे टायर विकतचे निघाले, तर मॉडेल करणाऱ्यांपैकी कुणी हरकत घेत नाही. हेडलाइटच्या काचा, क्रोमचा फॉइल, नंबरप्लेटचं डीकॅल हेही चालवून घेतात. बॉडी विकतची निघाली की मात्र त्याच माणसांचा सूर बदलतो. म्हणजे टायर आणि बॉडी यांच्यामध्ये कुठेतरी एक रेघ आहे. ती नेमकी कुठे, याचीच ही टिपणं. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या हातांनी त्या मापात, त्या मालात गाडीचा आकार ठरवला, त्या हातांची ती गाडी. बाकीचे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

*

या छंदात नव्याने आलेल्यांसाठी एकदा पायऱ्या सांगायला हव्यात. किटमधले भाग सूचनापत्रकाप्रमाणे जोडून रंगवले, की ते ‘आउट ऑफ द बॉक्स’. त्याच किटला प्लगच्या वायरी, इंधनाच्या नळ्या, सीटबेल्ट जोडले, की डिटेलिंग. दोन-तीन किट फोडून त्यांतून वेगळीच गाडी काढली, की किटबॅश. एकाच किटची बॉडी कापून चार दारांची दोन केली किंवा टप उडवला, की कन्व्हर्जन. आणि कोरं प्लॅस्टिक शीट, लाकूड, पत्रा, तार यांतून गाडी उभी केली, की स्क्रॅचबिल्ट.

कागदावर हे पाच कप्पे स्वच्छ दिसतात. टेबलावरच्या बहुतेक चांगल्या गाड्या मात्र एकाच वेळी दोन-तीन कप्प्यांत पाय ठेवून उभ्या असतात.

*

टक्केवारीने हा वाद सुटत नाही. जग्वार ई-टाइपचं उदाहरण घ्या. तारांच्या एका चाकात ७२ स्पोक. चार चाकांचे २८८. समजा एखाद्याने किटची बॉडी, किटचा तळ, किटचं इंजिन घेतलं आणि फक्त चाकं स्वतः विणली. रिंग लेथवर कातली, तिला भोकं पाडली, ०.२ मिलिमीटरची तार ओवून ओढून बसवली. नगांच्या हिशेबाने त्या मॉडेलचे तीन चतुर्थांशाहून जास्त भाग त्याने हाताने केलेले भरतील. तरी त्या ई-टाइपला स्क्रॅचबिल्ट म्हणता येणार नाही, आणि तो स्वतःही म्हणणार नाही. उलट दुसऱ्या कुणी बॉडी लाकडातून कोरली, काचा स्वतः ओढल्या आणि चाकं विकतची लावली, तर ती गाडी माझ्या लेखी स्क्रॅचबिल्ट.

पहिल्याच्या चाकांना टाळ्या मिळायलाच हव्यात. पण त्या चाकांना, गाडीला नव्हे.

*

जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली अमेरिकेतल्या मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली: फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड. ती १९६८ पर्यंत चालली. सुरुवातीला मुलांना फिशरच्या बोधचिन्हातली नेपोलियनकालीन घोडागाडी बनवायची असे, आणि तीही कंपनीने पाठवलेल्या आराखड्यांवरून. १९३१ साली पहिल्या चौघांना प्रत्येकी ५,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. मंदीच्या त्या काळात ही रक्कम एका मुलाचं आयुष्य बदलायला पुरेशी होती. १९३७ पासून मोटारगाडीही आली: १/१२ मापात, आणि डिझाइन मुलाचं स्वतःचं. युद्धानंतर घोडागाडी बंद झाली, मोटार राहिली. १९४७ च्या विजेत्यांतले चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले.

आता या दोन प्रकारच्या मुलांपैकी स्क्रॅचबिल्ट कुणाचं? घोडागाडीवाल्याला आराखडा आयता मिळाला होता. मोटारवाल्याने रेषाही स्वतःच काढल्या. मी दोघांनाही स्क्रॅचबिल्ट म्हणतो. आराखड्यात समोरून, बाजूने, वरून अशी चित्रं असतात. त्या चित्रांच्या मधला पृष्ठभाग कुठल्याही कागदावर नसतो. तो लाकडात कुणीतरी पहिल्यांदा काढावा लागतो, आणि घोडागाडीवाल्या मुलाने तो काढला होता.

*

इथे एक आक्षेप नेहमी येतो: खऱ्या गाडीचं मॉडेल करताना आकार तुझा कसा? तो तर कंपनीच्या डिझायनरचा.

बरोबर आहे. फियाट ११०० चा आकार तूरिनमध्ये दान्ते जाकोसा आणि त्यांच्या माणसांनी ठरवला. पण त्यांनी तो खऱ्या मापात, पोलादी पत्र्यात ठरवला. तोच आकार हाताच्या पंजाएवढा करताना काय ठेवायचं, काय जाड करायचं, काय सोडायचं, हे नव्याने ठरवावं लागतं. किट विकत घेतलं, की हे सगळं किट कंपनीच्या साचेकाराने आधीच ठरवून दिलेलं असतं. किट आणि स्क्रॅचबिल्ट यांतला खरा फरक मला इथे दिसतो.

*

एएमटीचे ‘थ्री-इन-वन’ किट १९५८ साली आले. एकाच खोक्यात गाडी शोरूममधल्यासारखी करायचे, सजवलेली करायचे आणि शर्यतीची करायचे असे तिन्ही संच. गाडी एकच जोडायची, म्हणजे दोन संचांचे भाग उरायचे. उरलेले भाग डब्यात पडले, डबे भरले, आणि त्या डब्यांतून अमेरिकेतल्या एका पिढीने भागांची अदलाबदल करायची सवय लावून घेतली. किटबॅशची मुळं तिथे आहेत.

किटबॅशला कमी लेखणारे लोक मला पटत नाहीत. दुसऱ्या गाडीचं इंजिन, तिसऱ्या गाडीचा ॲक्सल, चौथ्याच गाडीचं नाक, आणि पाहणाऱ्याला कुठेही सांधा दिसू नये, हे अवघड काम आहे. त्याचा मान त्याच्याच नावाने व्हावा. तो वाढवण्यासाठी त्यावर स्क्रॅचबिल्टचं लेबल लावलं, की दोन्ही कामांचा अपमान होतो.

*

आता आपल्या गाडीकडे येतो. प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तिच्या छोट्या डायकास्ट गाड्या मिळतात, खेळणी मिळतात. पण १/२४ मापात जोडायचा प्लॅस्टिक किट मला कुठल्या दुकानात आजवर दिसलेला नाही. ज्याला ती या मापात हवी, त्याला ती घडवावीच लागते. स्क्रॅचबिल्ट कशाला म्हणायचं हे समजून घ्यायला मराठी माणसाला यापेक्षा चांगली गाडी नाही.

आधी आकडे. दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३४० मिलिमीटर. चोविसाने भागा: ९७.५. लांबी ३९३० ची होते सुमारे १६४. रुंदी १४६० ची सुमारे ६१, आणि उंची १४६८ ची तीही सुमारे ६१. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. ही गाडी जितकी रुंद तितकीच उंच आहे. आजच्या गाड्या बघायची सवय लागलेला डोळा तिला नकळत बसकी करतो. टप दोन मिलिमीटर खाली आला, काचा तेवढ्याच अरुंद झाल्या, की पुढे जाळी, बंपर, मागचे पंख कितीही नेमके करा, ती पद्मिनी दिसत नाही. आत ताठ बसलेली माणसं, मांडीवर पिशव्या, ही सगळी त्या उंच टपाखाली मावत होती.

आकडे फक्त टोकं सांगतात. मधलं वळण गाडीवरूनच उतरवावं लागतं. त्यासाठी सोल्डरची जाड, मऊ तार घ्यायची. गल्लीत उभ्या असलेल्या पद्मिनीच्या मालकाची परवानगी काढायची. पुढच्या मडगार्डवर तार आडवी ठेवायची आणि अंगठ्याने दाबत दाबत पत्र्याला चिकटवत न्यायची. मग ती न हलवता उचलून ए-३ कागदावर ठेवायची आणि आतल्या बाजूने रेघ मारायची. रेघ पेन्सिलने मारायची नाही, जाड मार्करने मारायची. कारण पुढे हा कागद झेरॉक्सवाल्याकडे जाणार: चार वेळा ५० टक्के आणि शेवटी एकदा ६७ टक्के. सोळावा भाग आणि त्याचा दोनतृतीयांश, म्हणजे चोविसावा भाग. पाच मिलिमीटर जाडीची मार्करची रेघ त्यात ०.२ मिलिमीटरची होते आणि दिसते. पेन्सिलची रेघ दिसेनाशी होते.

अशी वळणं ठरावीक अंतरांवर घेतली की गाडीचे आडवे छेद तयार होतात. बाजूचा फोटो मात्र जवळून काढायचा नाही. लांब जायचं आणि झूम वापरायचा. जवळून काढला तर पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान येतं, आणि त्या फोटोवरून बेतलेली गाडी कायमची वाकडी होते. फोटोतलं चाकांमधलं अंतर ९७.५ मिलिमीटर भरेल इतका तो छापायचा, म्हणजे बाकी सगळं मापात येतं.

मग ठोकळा. शिवणीसारखं बारीक रेषांचं, न फुटणारं लाकूड चांगलं. त्यावर एक मिलिमीटरचं शीट तापवून ओढायचं असेल, तर ठोकळा सगळीकडून एक मिलिमीटर लहान हवा. म्हणजे ६१ ऐवजी ५९ रुंद. शीट ओढताना कोपऱ्यांत पातळ होतं आणि टपावर जाड राहतं, त्याचाही अंदाज धरावा लागतो. छेदांचे पुठ्ठे ठोकळ्यावर टेकवत, उजेड कुठून येतो ते बघत, कानस आणि पॉलिश पेपर चालवायचा. बॉनेटच्या काठावरून मडगार्ड जिथे उठतं आणि दाराशी येऊन विरतं, तिथे कुठलाच छेद मदतीला येत नाही. तिथे फक्त बोट फिरवून कळतं. खऱ्या गाडीवर हात फिरवलेला असेल तर ते बोटाला ओळखता येतं.

तो विरत जाणारा उठाव ठरवला, की माझ्या दृष्टीने गाडी स्क्रॅचबिल्ट झाली. त्यानंतर हेडलाइटची काच विकतची बसवली तरी माझी हरकत नाही.

*

गंमत अशी की पद्मिनीत टायरसुद्धा करावे लागतात. मूळ टायर ५.२०-१४. म्हणजे रुंदी सव्वापाच इंचांच्याही आत, आणि १/२४ मध्ये जेमतेम साडेपाच मिलिमीटर. रिम पंधरा मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. किटांमध्ये येणारे टायर बहुतेक रुंद असतात, कारण किट बहुतेक अमेरिकन किंवा शर्यतीच्या गाड्यांचे निघतात. ते पद्मिनीला लावले, की गाडी पैलवानासारखी पाय फाकवून उभी राहते. तेव्हा ॲक्रिलिकच्या दांड्यातून एक टायर कातायचा, त्याचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि त्यातून काळे टायर ओतायचे.

जगभर ज्याला सूट आहे, ते या गाडीत सोडून चालत नाही. म्हणून ‘अमुक भाग विकतचा चालेल’ अशा सरसकट याद्यांवर माझा विश्वास नाही. गाडीगणिक यादी बदलते.

*

खऱ्या गाडीचा पत्रा समजा ०.८ मिलिमीटर. त्याचा चोविसावा भाग ०.०३३. स्वयंपाकघरातला फॉइल साधारण याच्या निम्म्या जाडीचा असतो. लिहायचा साधा कागद या मापात दोन मिलिमीटरहून जाड पत्रा होतो. म्हणजे खऱ्या जाडीची बॉडी कुणीच करू शकत नाही. काम करणारा काय करतो? चाकाच्या कमानीची कड आतल्या बाजूने तिरकी तासत नेतो, इतकी की बाहेरून फक्त धार दिसावी. बॉडी आहे तेवढीच जाड राहते, पण डोळ्याला पत्रा दिसतो. किटच्या बॉडीवरही हे करता येतं आणि करावं. एवढ्याने ती स्क्रॅचबिल्ट होत नाही.

*

‘शीट तरी तू कुठे बनवलंस?’ असं म्हणून सगळा विषयच उडवून लावणारे भेटतात. एव्हरग्रीनच्या पट्ट्या, नळ्या, दांडे तयार मिळतात. पितळी नळ्या तयार मिळतात. म्हणून स्क्रॅचबिल्ट असं काही नसतंच, असं त्यांचं म्हणणं.

मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. माल आणि भाग यांतला फरक ओळखायला एक साधी कसोटी पुरते. तुकडा हातात घ्या आणि विचारा: हा कशाचा आहे, हे याच्याकडे बघून सांगता येतं का? दीड मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी घराची चौकट होईल, बोटीचं कठडं होईल, गाडीचा बंपर होईल. तो माल. पद्मिनीचा बंपर बघितला की पद्मिनीच आठवते. तो भाग. इंजेक्शनच्या सुईची नळी कापून सायलेन्सरचा पाइप केला, गिटारची बारीक तार गुंडाळून सस्पेन्शनची स्प्रिंग केली, बॉलपेनच्या रिफिलच्या टोकातून हॉर्न केला, तर ते सगळं तुमचं काम. त्या वस्तू गाडीच्या नव्हत्या, तुम्ही त्या गाडीच्या केल्या.

एम-सील, फेविक्विक, रंग यांच्यावरून तर वादच नको.

*

ज्यांना ‘दुसऱ्याचे भाग वापरले म्हणजे संपलं’ असं वाटतं, त्यांनी १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधलं मिलेनियम फाल्कन आठवावं. चित्रीकरणाच्या त्या मॉडेलच्या अंगावर रणगाडे, विमानं, मोटारी यांच्या किटांचे ढीगभर भाग चिकटवलेले होते. पण त्या यानाची थाळी, तिचा उतार, एका बाजूला काढलेली चालकाची खोली, हे कुठल्याच किटमधून आलं नव्हतं. भाग हजार जणांचे, आकार ते मॉडेल करणाऱ्यांचा. माझ्या कसोटीने फाल्कन स्क्रॅचबिल्ट.

*

पितळी पत्र्यावर ॲसिडने कोरलेले भाग, म्हणजे फोटोएच, यांनाही हाच नियम. तयार पान विकत घेतलं आणि त्यातली जाळी कापून लावली, तर ती विकतची जाळी. चित्र स्वतः काढलं, ०.२ मिलिमीटरच्या पत्र्यावर फोटोरेझिस्ट चढवून छापलं आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं, तर जाळी तुमची. हे रसायन सर्किट बोर्ड करणारे नेहमी वापरतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. हातमोजे घाला, आणि घरच्या स्टीलच्या भांड्यात ओतू नका. चित्र तुमचं, पण कोरून घेतलं बाहेर एखाद्या कारखान्यात? तरीही तुमचं. फक्त तसं लिहा.

*

थ्रीडी प्रिंटिंगने सगळ्यात जास्त भांडणं लावली आहेत. जुने लोक म्हणतात, मशीनने केलं ते हाताचं कसं? नवे म्हणतात, मी रात्ररात्र जागून संगणकावर बॉडी घडवली ते काम नाही का?

मी नव्यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. ज्याने संगणकात एकेक वळण स्वतः ओढलं, त्याने आकार ठरवला. त्याचा हात कानशीऐवजी माउसवर होता, एवढाच फरक. ज्याने दुसऱ्याची फाइल विकत घेतली किंवा फुकट उतरवली आणि प्रिंटरला दिली, त्याच्या हातात किट आहे. प्रिंट स्वच्छ करणं, थरांच्या रेघा घासणं, रंग चढवणं हे सगळं त्याने सुंदर केलं असेल. ते उत्तम किटकाम.

स्कॅन केलेल्या गाडीबद्दल मला जास्त विचार करावा लागला. खऱ्या गाडीभोवती स्कॅनर फिरवला आणि आलेला आकार चोविसाने भागून छापला, तर ठरवलं कुणी? सोल्डरच्या तारेने मीही तेच करतो, फक्त हळू. पण नुसतं भागून काम भागत नाही, हे करून बघणाऱ्याला लगेच कळतं. वायपरची पट्टी भागली की केसाएवढी होते आणि छापली जात नाही. दारांमधली फट भागली की रंगाच्या पहिल्याच थरात बुजते. ती रुंद करावी लागते, पण किती? फार केली तर गाडी खेळण्यासारखी दिसते. जो या जागा एकेक करून ठरवतो, त्याने स्कॅनपासून सुरुवात केली तरी गाडी त्याची. जो जसंच्या तसं छापतो, तो छायाचित्रकार आहे, आणि छायाचित्रणालाही मान आहे. पण वर्ग वेगळा.

*

रेझिनचे ओतीव भाग. कुणी मूळ बॉडी स्वतः घडवली, सिलिकॉनचा साचा केला आणि त्यातून आणखी नऊ बॉडी काढल्या. पहिली स्क्रॅचबिल्ट. उरलेल्या नऊ? पेणला गणपतीच्या कारखान्यात हे रोज घडतं: मूळ मूर्ती घडवणारा एक, साच्यातून काढणारे अनेक, आणि डोळ्यांची आखणी करणारा पुन्हा वेगळा. तिथे कुणी गोंधळत नाही. मूळ कुणाचं हे सगळ्यांना माहीत असतं. मॉडेलवाल्यांतही तसंच असावं. ज्याने मूळ घडवलं, त्याच्या नऊही बॉडी त्याच्याच. त्यांतली एक मी विकत घेऊन रंगवली, तर माझी ती रेझिन किट. मूळ घडवणाऱ्याचं नाव माझ्या कार्डावर यायलाच हवं.

एका प्रदर्शनात एक देखणी जुनी सेदान ‘पूर्ण स्क्रॅचबिल्ट’ म्हणून मांडलेली होती. खाली वाकून बघितलं तर तळाच्या कडेला ओतीव रेझिनचे बुडबुडे होते आणि त्यावर रंगाचा पातळ हात. काम करणाऱ्याचं रंगकाम माझ्यापेक्षा सरस होतं. कार्डावर ‘रेझिन बॉडी’ एवढे दोन शब्द असते, तर मी त्या गाडीसमोर जास्त वेळ उभा राहिलो असतो.

*

इंग्लंडचे जेराल्ड विंग्रोव्ह किटच्या वाटेला न जाता ड्यूझेनबर्गसारख्या गाड्या १/१५ मापात बनवत. त्यांचं ‘द कम्प्लीट कार मॉडेलर’ हे पुस्तक १९७८ चं. मॉडेल मोटारीत स्क्रॅचबिल्टचा वरचा पट्टा कुठे आहे हे बघायचं असेल, तर त्यांच्या गाड्यांचे फोटो बघावेत. फोटोत शेजारी बोट किंवा नाणं नसेल तर खरी गाडी कुठली, ते सांगता येत नाही.

*

अमेरिकेत दोन परंपरा शेजारी शेजारी वाढल्या. सॉल्ट लेक सिटीची जीएसएल स्पर्धा १९७९ मध्ये सुरू झाली: वर्ग, परीक्षक, गुण. ओहायोतल्या टोलेडोत १९८० मध्ये एनएनएलचा मेळावा सुरू झाला. तिथे परीक्षण नाही. गाड्या मांडायच्या, बघायच्या, बोलायचं. वाटेल की जिथे परीक्षण नाही तिथे स्क्रॅचबिल्टचा वादही नसेल. पण परीक्षक असला तर तो एकदा विचारून मोकळा होतो. परीक्षक नसला तर प्रत्येक बघणारा विचारतो, ‘हे तू केलंस?’ आणि उत्तर तोंडावर द्यावं लागतं. मला दुसरी पद्धत जास्त आवडते.

*

काळीपिवळीचा मीटर. डाव्या बाजूला, काचेच्या पुढे, बाहेर बसवलेली जाड पेटी. १/२४ मध्ये ती सात-आठ मिलिमीटरची होते. वर टपावर सामानाचं कॅरियर, पितळी तारेचं, सोल्डर केलेलं. एक सांधा लावताना आधीचा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कागदाचा बोळा ठेवावा लागतो. गाडी दाखवली की लोक आधी या दोन गोष्टींवर बोट ठेवतात आणि आपापल्या प्रवासाच्या आठवणी सांगायला लागतात. बॉनेटच्या वळणाबद्दल कुणी विचारत नाही. पण तेच चुकलं असतं, तर मीटर आणि कॅरियर असूनही त्यांना ती टॅक्सी वाटली नसती.

*

तर माझा निवाडा असा. बॉडीचा आकार तुम्ही त्या मापात, त्या मालात स्वतः ठरवला असेल, तर गाडी स्क्रॅचबिल्ट. टायर, काचा, फॉइल, डीकॅल विकतचे असले तरी. बॉडी दुसऱ्याने ठरवलेली असेल, मग ती किटची असो, रेझिनची असो की फाइलमधली, तर गाडी स्क्रॅचबिल्ट नाही, बाकी सगळं तुम्ही केलं असलं तरी. मधल्या गाड्यांना मधलीच नावं द्यावीत: किटबॅश, कन्व्हर्जन. ती नावं चांगली आहेत.

आणि प्रदर्शनात गाडी मांडणाऱ्यांना एक विनंती. कार्डावर गाडीचं नाव आणि माप लिहिता, त्याखाली आणखी दोन ओळी लिहा. पहिली: स्वतः केलेलं काय. दुसरी: विकत, मागून किंवा उतरवून घेतलेलं काय, आणि ते मूळ कुणाचं. पद्मिनीच्या कार्डावर हे असं दिसेल: ‘बॉडी, तळ, सीट, टायर, मीटर, कॅरियर : स्वतः. हेडलाइटच्या काचा, क्रोम फॉइल : विकत.’ शेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या मुलाला त्यातून कुठून सुरुवात करायची तेही कळेल.

तुमच्या ओळखीत कुणाकडे धावती पद्मिनी असेल, तर तिची मापं आत्ताच घेऊन ठेवा. रस्त्यावर दिसणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत.